बांधावर न नेलेलं मीठ

हे प्रकरण मी चार वेळा ओलांडून पुढे गेलो. माझ्या वहीत आधीचं प्रकरण छापखाना बंद पडतो तिथे संपतं आणि नंतरचं मी कल्याणला एका क्लासच्या ऑफिसात चिकटतो तिथून सुरू होतं. मधली तीन वर्षं एका वाक्यात उरकलेली आहेत: "त्यानंतर काही काळ ठाण्यात वेबसाइटचं काम केलं." वाक्य खोटं नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. सरळ खोटं लिहिलं असतं तर कधीतरी माझंच मला टोचलं असतं.

गेल्या महिन्यात, त्या कामातला माझा भागीदार बळीराम, त्याच्या मुलीचा, सायलीचा, फोन आला. तिच्या आजीच्या आवाजाचं काही माझ्याकडे चुकून राहिलं आहे का, एखादी सीडी, एखादी फाइल, असं तिनं विचारलं. तिला आता मुलगी झाली आहे, आणि त्या घरात आजीचा आवाज कुणाकडेच नाही. मी म्हणालो, बघून सांगतो. बघण्यासारखं काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर मी टिटवाळ्याच्या या फ्लॅटमधलं कपाट उघडलं, दोन जुन्या पिशव्या खाली काढल्या आणि परत वर ठेवल्या. बघून सांगतो म्हणालो होतो ना, मग बघितलं. माझा खरेपणा असा, तेवढ्यापुरता असतो.

या वहीत मी माझं मोठं होणं लिहितो आहे आणि त्यात चाळिशीतला माणूस काय करतो, असं कोणी विचारेल. चाळिशीपर्यंत मी मोठा झालोच नव्हतो, हे त्याचं उत्तर. डोंबिवली पूर्वेला दादाच्या दोन खोल्यांत मी राहायचो. गॅलरीला जाळी लावून वर पत्रा टाकला होता, ती माझी जागा. लग्न झालं नाही, किंवा कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी वहिनी कुकर लावायची, तिसऱ्या शिट्टीला दादा पेपर खाली ठेवायचा आणि मग तो मला मिळायचा. दादाचं वाचून झाल्याशिवाय पेपरला हात लावायचा नाही, हा नियम मी शाळेत असताना सुरू झाला आणि माझ्या कानावरचे केस पांढरे झाले तरी चालू होता. वहिनी मला 'भाऊजी' म्हणायची, पण पाहुण्यांना सांगताना 'हे आमच्याकडे असतात' एवढंच. जेवणात खोट काढावी असं काही नव्हतं. आमटी, भात, पोळी, शनिवारी मटकीची उसळ. फक्त माझं ताट मांडताना भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा. छापखान्यात मी अक्षरं जुळवायचो, पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांवर जुळवू लागलो, आणि मालकानं जागा विकली त्या दिवसापासून तो ताटाचा आवाज आणखी वाढला.

मग मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. तिथे बळीराम भेटला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, तिथल्याच कोपरीतल्या जुन्या आगरी घरातला. त्यांची भातशेती आणि मिठागरं गेली होती, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, घरात सुबत्ता आली होती. ती कशी आली याच्याशी मला देणंघेणं नव्हतं; ती त्याच्याकडे आली आणि माझ्याकडे नाही, एवढं मला त्याचा राग करायला पुरत होतं. गळ्यात जाड साखळी, मोटरसायकलवरून उतरताना गाणं. पहिल्याच दिवशी तो मला 'काका' म्हणाला. वय बघता त्यात काही चूक नव्हती. मी ते मनात ठेवलं.

क्लास संपायच्या सुमारास त्यानंच विषय काढला. "काका, तुमच्याकडं डोकं हाय, माझ्याकडं जागा हाय. बसूया की एकत्र." जागा म्हणजे त्याच्या कोपरीतल्या घराची पुढची खोली, जिच्यात पूर्वी भाताच्या कणग्या असायच्या. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत येणारं इंटरनेट. स्टेशन इतकं जवळ की कुठली गाडी किती उशिरा आहे हे प्रवाशांच्या बरोबरीनं आम्हाला कळायचं. घोषणा सुरू झाली की गिऱ्हाईक बोलता बोलता थांबायचं आणि ती संपली की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. मागच्या खोलीतून दिवसभर काही ना काही वास यायचा. सुकटीचा, तांदळाच्या भाकरीचा, बोंबील तळल्याचा. मी नाकाला रुमाल लावायचो आणि दुपारी तेच पोटभर जेवायचो.

धंदा असा होता. कुठेतरी परदेशात एक कंपनी मोठाले कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायची. त्यांना सर्व्हर म्हणायचं. त्यांच्यावरची जागा आम्ही ठोक घेतली होती आणि तिचे लहान तुकडे पाडून दातांच्या डॉक्टरांना, मंगल कार्यालयांना, क्लासवाल्यांना देत होतो. नाव वेगळं घ्यायचं, जागा वेगळी घ्यायची. नाव म्हणजे डोमेन, जागा म्हणजे होस्टिंग, आणि या नावानं येणाऱ्याला त्या जागेकडे पाठवणारा तो नेमसर्व्हर. लोकांना वाटायचं नाव घेतलं की वेबसाइट झाली. पाटी रंगवली म्हणजे दुकान उघडलं असं होत नाही, हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जायचा, आणि खरं सांगायचं तर तो अर्धा दिवस मला फार आवडायचा. डिस्क स्पेस, बँडविड्थ, अपटाइम, कंट्रोल पॅनल हे शब्द मी सावकाश, एकेक ठेवत बोलायचो. ज्याला घरात पेपर सगळ्यात शेवटी मिळत होता त्याच्यासमोर डॉक्टर वही उघडून बसायचे. बळीराम स्क्रीनकडे तोंड करून काम करायचा आणि मी खुर्ची वळवून शब्द सांगायचो. कामाची वाटणी अशीच पडून गेली.

बळीरामच्या आईला सगळे 'बाय' म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. बाय तरुणपणी मिठागरावर राबलेली. तळपाय भेगाळलेले, कायमचे पांढरट. मधल्या दाराच्या उंबऱ्यात बसून ती सुक्या कोळंबीचे सोडे निवडायची आणि आमचं बोलणं ऐकायची. मला ती 'डोंबिवलीवाले' म्हणायची, त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मला कधी ठरवता आलं नाही. एक दिवस तिनं विचारलं, "तुमी इकता काय, ते मना अजून कललं नाय." मी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. एक मोठी जागा असते, तिचे तुकडे असतात, एका वाटेनं सगळ्यांकडे लोक येतात. ती ऐकून म्हणाली, म्हणजे मिठाचं आगरच की. आणि मग तिनं मला उलट समजावलं. भरतीचं पाणी एकाच उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत घेतात, ते सगळ्या वाफ्यांत फिरतं. एकानं जास्त ओढलं की शेजारच्याचा वाफा कोरडा राहतो. शेअर्ड होस्टिंग आणि बँडविड्थ हे दोन शब्द समजवायला मला गिऱ्हाइकापुढे पाऊण तास लागायचा. तिनं ते सोडे निवडता निवडता सांगितलं. मला ते आवडलं नाही.

मग तिनं आणखी एक विचारलं. "आन् मीठ काढल्यावर रास कुठं ठेवता? वाफ्याशीच, का बांधावर नेता?"

मला प्रश्न कळला नाही. बळीरामनं खुलासा केला. वाफ्यातलं मीठ ओढून आधी कडेलाच ढीग करतात, पण पावसाच्या आधी ते डोक्यावरून वाहून उंच बांधावर नेतात आणि वरून गवतानं शाकारतात. बाय म्हणाली, वाफ्याशी असलेली रास कितीबी मोठी दिसू दे, ती आपली नसते, ती खाडीचीच असते. मी हसलो आणि म्हणालो, "बाय, आमच्या तिकडे पाऊस पडत नाही." बळीरामही हसला, पण नंतर म्हणाला, "आयचा सवाल तुमी तसाच सोडलाव, काका."

आता बायच्या आवाजाबद्दल. बाय धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी येतो तो शेवटी. त्याच्या आधी दोन-तीन दिवस एकेक विधी धवलारीण गाऊन पार पाडते. हळदीचा धवला वेगळा, जात्याचा वेगळा, मुलीला पाटावर बसवतानाचा वेगळा. कोपरीपासून खाडीपलीकडच्या गावांपर्यंत बायला बोलावणं यायचं. कशाचंच कागदावर काही नव्हतं. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं, आणि तिच्याकडून पुढे घ्यायला घरात सून अजून आली नव्हती. मग तिचा घसा बसायला लागला. बळीरामनं दोन हिवाळे तिला समोर बसवून कॅसेटवर कॅसेट भरल्या. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि बायचा आवाज गेला. बोलायची ती कुजबुजल्यासारखं, गाणं संपलं.

त्या कॅसेटवरचं सगळं वेबसाइटवर ठेवायचं बळीरामच्या डोक्यात आलं. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडून तो एकेक बाजू भरून घ्यायचा, मग त्या फाइली वर चढवायचा. एक फाइल चढायला कधीकधी अख्खी दुपार जायची आणि मधेच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. कित्येक महिने हे चाललं. दिवसभर पुढच्या खोलीत बायचा तरुण, खणखणीत आवाज, आणि मागच्या खोलीत बाय, आवाज नसलेली. ती कधी कधी भाकरी थापायची थांबून ओठ हलवायची. हे मी रोज पाहत होतो. मला काय वाटायचं? मला वाटायचं, फोन अडकून राहतो, गिऱ्हाइकांची कामं खोळंबतात. मी एकदा त्याला ऐकवलंही की तुझ्या या गाण्यांनी आपली जागा भरून जाईल, एक दिवस कंपनी खातं उडवेल. ते खरं नव्हतं. निम्मी जागा रिकामी होती. नुसतं बोचायचं म्हणून बोललो. पण ते वाक्य लक्षात ठेवा.

पुढे घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. सामानाची आवराआवर सुरू झाली. माळ्यावरून कॅसेटचा खोका खाली आला, तीस-बत्तीस कॅसेट, निम्म्यांना बुरशी. बळीराम तो खोका हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि विचारलं, "काका, बॅकअप हाय ना वर?"

मी मान वर न करता म्हणालो, "रोज होतो. प्लॅनमध्येच आहे. त्या कॅसेट दे भंगारात, उगाच जागा अडवतात."

त्यानं दिल्या. आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीही, एका क्लासवाल्याच्या कामाला जागा हवी म्हणून, मीच पुसल्या.

प्लॅनमध्ये 'रोजचा बॅकअप' असं लिहिलेलं होतं, हे खरं आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरात असंही होतं की तो बॅकअप त्याच खात्यात राहील आणि आपली वेगळी प्रत ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मी जन्मभर बारीक अक्षरं जुळवलेला माणूस. ती ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ काय होतो इकडे मी गेलो नाही, कारण गिऱ्हाइकासमोर बोलण्यापुरता तो शब्द मला येत होता. आता दादाचा नातू मला मोबाईलवर दाखवतो, फोटो आपोआप कुठेकुठे साठतात ते, आणि म्हणतो, आजोबा, तुम्हाला नाही कळायचं. मी म्हणतो, नाही रे बाबा. एका अडाणी बाईनं मला हे सांगितलं होतं, हे मी त्याला सांगत नाही. आता लिहिताना दिसतं की 'अडाणी' हा शब्दसुद्धा माझाच आहे, आणि तो अजून माझ्या तोंडात आहे.

भांडणाचं निमित्त दातांच्या एका डॉक्टरचं झालं. त्याची वेबसाइट आमच्या जागेवर आणताना मी नेमसर्व्हर बदलला, पण त्याच्या ईमेलच्या नोंदी इकडे उतरवून घेतल्या नाहीत. दोन दिवस त्याला एकही ईमेल आली नाही. तो संतापून खोलीत आला. मी त्याला प्रोपगेशन हा शब्द सांगायला सुरुवात केली, की बदल जगभर पोचायला वेळ लागतो वगैरे. बळीरामनं मागून येऊन पाच मिनिटांत नोंदी भरल्या आणि डॉक्टरला म्हणाला, "सॉरी, डॉक्टर. काकांना शब्द सगळे येतात. काम येत नाय." डॉक्टर हसला. उंबऱ्यात बाय होती, तीही बहुतेक हसली. किंवा हसली नसेल. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या संध्याकाळी डोंबिवलीला वहिनीनं ताट आपटलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हीच आपली लायकी आहे, आणि ती आपल्याला कोणी दाखवून दिली हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. गावदेवीच्या देवळामागच्या हॉलमध्ये बळीरामनं गावातल्या वडीलधाऱ्यांना दुपारी बोलावलं होतं. प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर वेबसाइट उघडायची, बायचे धवले सगळ्यांना ऐकवायचे, आणि इतर गावांतल्या धवलारणींचेही असे जमवूया असं सांगायचं, हा त्याचा बेत होता. मी खोलीत बसावं, काही अडलं तर फोन उचलावा, असं ठरलं होतं. बळीराम पुढे गेला. बाय नवं हिरवं लुगडं नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा. निघायच्या आधी ती माझ्यासाठी ताट घेऊन आली. तळलेले बोंबील, भाकरी, कांदा. कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "जेवा आदी, डोंबिवलीवाले. मंग या." आणि गेली.

मी जेवलो. मग कंट्रोल पॅनल उघडलं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी तिथे असायची, त्यात बळीरामच्या त्या वेबसाइटचंही खातं. प्रत्येकासमोर दोन पर्याय: सस्पेंड, म्हणजे खातं तात्पुरतं थांबवायचं, आणि टर्मिनेट, म्हणजे काढून टाकायचं. आधी मी सस्पेंड केलं. हॉलच्या भिंतीवर 'हे खातं थांबवलं आहे' असं इंग्रजीत येईल आणि बळीरामला दहा माणसांत मान खाली घालावी लागेल, एवढंच मला हवं होतं. पण पासवर्ड त्यालाही ठाऊक होता. तिथल्या तिथे तो चालू करून घेईल आणि पुन्हा म्हणेल, काकांना काम येत नाही. म्हणून मी दुसऱ्या पर्यायावर गेलो. संध्याकाळी बॅकअपवरून परत आणू, तासाभराचं काम, असा हिशेब. पडद्यावर चौकट आली, नक्की काढायचं का, सगळं जाईल. हाताला बोंबलाचा वास होता. मी हो केलं. मला राग आला होता असं म्हणून सुटता येणार नाही. राग आदल्या दिवशी होता. त्या दुपारी मी शांत होतो.

फोन तीनदा वाजला. मी उचलला नाही. नंतर कळलं ते असं, की भिंतीवर कोरं पान आलं, बळीराम घामाघूम होऊन खटपट करत राहिला, आणि शेवटी कोणीतरी म्हातारा म्हणाला, "बल्या, तुझ्या मशिनीपेक्षा बायच बरी होती." लोक चहा पिऊन उठले. तोवर मी बॅकअप शोधत होतो. तो मिळाला नाही. तो त्याच खात्याच्या आत एका फोल्डरात राहत होता, आणि खात्याबरोबर गेला होता. मी कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, दोन ओळी: खातं तुमच्या बाजूनं काढलं गेलं आहे, आमच्याकडे प्रत नाही; स्वतःची प्रत ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी. ती दुसरी ओळ मला पाठ होती. ईमेल मी पुसून टाकली. पुसायचा हात आता सरावला होता.

बळीराम दारात आला तेव्हा उजेड होता. शर्ट भिजलेला. त्यानं काही विचारायच्या आधीच मी बोललो, आणि ते वाक्य तयार करायलाही मला वेळ लागला नाही, ते आधीच तयार होतं. मी म्हणालो, "जागा संपली. कंपनीनं खातं उडवलं. तुला सांगितलं होतं."

"आन् बॅकअप?"

"त्याच्याबरोबरच गेला."

तो खुर्चीवर बसला नाही, टेबलाच्या कोपऱ्याला टेकला. मग म्हणाला, "म्हंजे मीच भरत बसलो. तुमी बोललेलाव."

मी म्हणालो, "आता बोलून काय उपयोग."

चाळीस वर्षांत मी कुणाशी इतकं मोठ्या माणसासारखं बोललो नव्हतो. अगदी दादाचा सूर होता तो.

बाय त्याच्या मागे उभी होती. गजरा अजून केसांत. तिला कळायला उशीर लागला नाही. आमचा धंदा तिला आमच्यापेक्षा आधी कळला होता. ती बळीरामकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज नीट यायचा नाही म्हणून ती पुढे झाली, आणि अगदी जवळून विचारलं, "बांधावर नवती नेली?"

मी मान हलवली. तिनं माझ्या टेबलावरचं उष्टं ताट उचललं आणि आत गेली. मागच्या खोलीत ते ठेवल्याचा आवाज मला आला नाही. आजही मी कधी कधी त्या आवाजाची वाट बघतो.

पुढचे आठ दिवस ती मला जेवायला वाढत राहिली, पहिल्यासारखंच. मला ते गिळवेना. घर पाडायचंच आहे, जागाही राहणार नाही, असं कारण सांगून मी बाहेर पडलो. उरलेली गिऱ्हाइकं बळीरामनं दुसऱ्या कोणाला देऊन टाकली आणि त्यानं पुन्हा कधी या धंद्याला हात लावला नाही. बाय त्यानंतर दोन पावसाळे जगली. आवाज परत येण्याचा प्रश्नच नव्हता. बळीरामनं इतर धवलारणींकडून तेच धवले गोळा करायचा प्रयत्न केला असं ऐकलं, पण बायची चाल आणि बायचे शब्द कोणाकडे नव्हते.

मग कित्येक वर्षांनी सायलीच्या लग्नाची पत्रिका आली, आणि पाठोपाठ बळीरामचा फोन, हळदीला यायचंच. मी ठरवून गेलो. काय बोलायचं ते टिटवाळ्यापासून मनात घोकत होतो. जुन्या घराच्या जागी सात मजली इमारत, तळमजल्यावर मांडव. बळीराम जाड झाला होता, केस गेलेले, साखळी तीच. हळदीला धवलारीण नव्हती. स्पीकरवर कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या बाईचा रेकॉर्ड केलेला धवला लावला होता. त्यानं माझा हात धरला, जावयाच्या मंडळींसमोर नेलं आणि म्हणाला, "हे आमचे काका. मना सगळं यांनी शिकवलं. माझ्या आयचा आवाज मीच घालवला. हे सांगत होते, मी ऐकलं नाय." वीस माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. कोणीतरी माझ्या हातात वड्यांची प्लेट दिली. बळीराम माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. त्याला बहुधा एवढंच हवं होतं की मी म्हणावं, जाऊ दे रे, इतकी काही तुझी चूक नव्हती.

मी म्हणालो, "वडे मस्त झालेत."

दोन वर्षांपूर्वी बळीराम गेला. झोपेतच. मला दहाव्याला कळलं, गेलो नाही. सायलीला मी अजून फोन केलेला नाही. तिनं वाचावं म्हणून हे प्रकरण लिहिलं असं म्हणता येईल, पण जे मांडवात त्याच्यासमोर म्हणायचं होतं ते तिचं नाही, त्याचं आहे, आणि ते मी टिटवाळ्यापासून असं घोकत आलो होतो:

बळीराम, जागा संपली नव्हती. निम्मी रिकामी होती. कंपनीनं काही केलं नाही. तुझ्या आईनं वाढलेलं जेवून, तुला दहा माणसांत खाली बघायला लावायचं म्हणून, मी ते खातं माझ्या हातानं काढलं. बॅकअप म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, बायला कळत होतं, आणि तिनं विचारलं तेव्हा मी हसलो. माझी क्षमा करू नकोस, पण हे आधी ऐकून घे. 'मी ऐकलं नाही' असं तू आयुष्यभर सांगत फिरलास. तू ऐकलं होतंस. कॅसेट भंगारात दे म्हणालो, तू दिल्यास.